गोल्फच्या फटक्यात हात कसा फिरतो

हुबळी-धारवाडात वाढलेला माणूस पहिल्यांदा गोल्फचा क्लब हातात घेतो, तेव्हा त्याच्या हातांना क्रिकेट आधीच ठाऊक असते. गल्लीत, शाळेच्या पटांगणात, हुबळीच्या नेहरू मैदानावर नाहीतर धारवाडच्या कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर कोणीतरी त्याला बजावलेले असते: बॅट सरळ आण, डावे कोपर वर ठेव, चेंडू गेल्यावरही बॅटचे तोंड समोर दिसू दे. हाच संस्कार घेऊन तो गोल्फच्या चेंडूपाशी उभा राहतो, जोरात फटका मारतो आणि चेंडू हवेत उजवीकडे वळत झाडीत जाऊन पडतो.

याला स्लाइस म्हणतात. जगभरच्या हौशी खेळाडूंची ही सर्वांत जुनी तक्रार आहे. त्यावर मैदानावरचे जाणकार पहिला सल्ला देतात तो ‘मनगट फिरव’ हा. नवखा खेळाडू मनगट फिरवू लागतो. पुढच्या आठवड्यात चेंडू तितक्याच जोराने डावीकडे वळू लागतो आणि काही दिवसांत मनगट दुखायला लागते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी सल्ल्यात दोन गोष्टी सुटलेल्या असतात. हात नेमका कुठून फिरतो, ही पहिली. त्यातले किती आपण करायचे आणि किती आपोआप होऊ द्यायचे, ही दुसरी. या दोन गोष्टी नीट समजल्या तर सरावाचे कित्येक महिने वाचतात.

या लेखातील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलट करून वाचावे.

कोणता सांधा काय करतो

मनगट आपल्या अक्षाभोवती फिरत नाही, हे आधी पक्के लक्षात घ्यावे. आठ लहान हाडांचा हा सांधा दोन दिशांनी हालतो. तळव्याच्या किंवा तळहाताच्या पाठीच्या बाजूला वाकणे, ही पहिली हालचाल. निरोगी माणसात ती दोन्ही बाजूंना साधारण ७० अंशांपर्यंत होते. अंगठ्याच्या किंवा करंगळीच्या बाजूला कलणे, ही दुसरी. अंगठ्याकडे मनगट सुमारे २० अंश कलते, करंगळीकडे ३० ते ३५ अंश. गोल्फमध्ये क्लब वर उचलताना मनगटाची जी घडी पडते, ती ही अंगठ्याकडची हालचाल असते.

कुलपात किल्ली फिरवताना जी हालचाल होते ती मात्र मनगटाची नसते. कोपर ते मनगट या भागात, म्हणजे अग्रबाहूत, रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे शेजारी शेजारी असतात. रेडियस अल्नावरून आडवे सरकते तेव्हा तळवा खाली वळतो आणि परत येते तेव्हा तळवा वर वळतो. दोन्ही बाजूंना मिळून हा फेर सुमारे १६० अंशांचा असतो. हात कोपरातून सरळ असेल, तर खांद्याचा सांधाही या फिरण्यात भर घालतो.

हे घरी पडताळून पाहता येते. कोपर कमरेला टेकवावे, हात काटकोनात पुढे धरावा, मुठीत एक पेन उभे धरावे आणि मनगट न वाकवता पेन डावी-उजवीकडे आडवे करावे. ही सारी हालचाल अग्रबाहूची. आता हात सरळ करून तेच करावे. कोपराची खोबणसुद्धा फिरताना दिसेल, कारण आता खांदाही सामील झाला आहे. शेवटी पेन धरलेला हात स्थिर ठेवून फक्त मनगट मागे-पुढे वाकवावे. या तीन हालचाली डोळ्यांनी वेगळ्या ओळखता आल्या म्हणजे पुढचा भाग सोपा जातो. फटक्यातल्या बहुतेक चुका एका हालचालीच्या जागी दुसरी केल्यामुळे होतात.

मागे जाताना, खाली येताना

चेंडूसमोर उभे असताना डाव्या हाताची पाठ लक्ष्याकडे असते. क्लब मागे जाऊ लागतो तसा खांदे वळतात, डावा अग्रबाहू तळवा खाली येईल असा फिरतो आणि उजवा तळवा वर येईल असा. क्लबचा दांडा जमिनीला समांतर झाला की क्लबच्या डोक्याचे टोक साधारण आकाशाकडे असावे. पाठीच्या कण्याइतके किंचित पुढे झुकलेले असले तरी चालते. ते थेट मागे, आकाशाकडे तोंड वासून उघडले असेल, तर हात फार लवकर फिरला. जमिनीकडे बंद झाले असेल, तर फिरलाच नाही.

तेथून वर जाताना मनगटाची अंगठ्याकडे घडी पडते आणि उजवे मनगट पाठीकडे वाकते. स्विंगच्या, म्हणजे फटक्याच्या झोक्याच्या, माथ्यावर डाव्या मनगटाची पाठ आणि अग्रबाहू जवळजवळ एका सपाट रेषेत असणे ही शिकाऊ खेळाडूसाठी सर्वांत सुरक्षित स्थिती. मनगट पाठीकडे वाकून मागे खोबण पडली, तर क्लबचे तोंड उघडते. तळव्याकडे वाकून बाहेर फुगले, तर तोंड बंद होते.

खाली येताना सुरुवात पायांनी आणि कमरेने व्हावी. हात मागून येतात आणि मनगटाची घडी थोडा वेळ तशीच राहते. क्लब कमरेखाली आला की घडी उलगडते, डावा अग्रबाहू तळवा वर येईल अशा दिशेने फिरू लागतो आणि उजवा त्याच्यावरून येतो. चेंडूला स्पर्श होताना डावे मनगट सपाट असते, उजवे अजून थोडे मागे वाकलेले असते, आणि आयर्नने, म्हणजे तिरप्या धातूच्या तोंडाच्या क्लबने, खेळताना दोन्ही हात चेंडूच्या थोडे पुढे, लक्ष्याच्या बाजूला असतात. चेंडू गेल्यावर दांडा पुन्हा जमिनीला समांतर होतो तेव्हा क्लबचे टोक परत आकाशाकडे दिसावे. मागचे आणि पुढचे चित्र एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असले, तर हात योग्य फिरला असे समजावे.

मुद्दाम का करता येत नाही

वरून खाली येण्यास चांगल्या खेळाडूला साधारण पाव सेकंद लागतो. मागे जाण्यास त्याच्या तिप्पट. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष संपर्क टिकतो सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. डोळ्यांनी पाहून हाताला हुकूम पोहोचायलाच एक पंचमांश सेकंद जातो. म्हणजे क्लब खाली येत असताना ‘आता फिरवू’ असे ठरवणे शरीराला शक्य नाही. मनात ठरवलेले फिरणे एकतर फार लवकर होते किंवा चेंडू गेल्यानंतर होते. म्हणूनच मनगट फिरवणाऱ्याचा एक चेंडू उजवीकडे जातो आणि पुढचा डावीकडे.

मग हात योग्य वेळी फिरतो कसा? १९६८ साली ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमधल्या संशोधनावर आधारित एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी स्विंगकडे एकमेकांना जोडलेले दोन लंबक म्हणून पाहिले: खांद्यापासून हातापर्यंत एक आणि हातापासून क्लबच्या डोक्यापर्यंत दुसरा. शेतात पाखरे हाकणाऱ्याची गोफण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. गोफण फिरवणारा दगडाला मनगटाने ढकलत नाही. हात पुढे जातो, दोरी मागून येते आणि हाताचा वेग मंदावतो त्या क्षणी दगड त्याला गाठून पुढे निघतो. क्लबचेही तसेच होते. शरीर वळत राहिले, हातांनी आपला मार्ग धरला आणि पकड घट्ट आवळलेली नसली, तर मनगटाची घडी आपोआप उलगडते आणि अग्रबाहू तिच्याबरोबर फिरतात. खेळाडूने हे घडवायचे नसते, फक्त त्याच्या आड यायचे नसते.

आड येण्याचे मार्ग मात्र पुष्कळ आहेत. पकड आवळणे, खांदे ताठ करणे, कमर थांबवून हातांनीच मारणे आणि चेंडू वर उचलण्यासाठी शेवटच्या क्षणी मनगट झटकणे, हे चार मुख्य. यांतला शेवटचा सर्वांत घातक आहे. चेंडू हवेत उडवण्याचे काम क्लबच्या तिरप्या तोंडाचे असते. खेळाडू मनगटाने तो उचलू पाहतो तेव्हा डावे मनगट मागे मोडते, क्लब जमिनीत किंवा चेंडूच्या डोक्यावर आदळतो.

या साऱ्याचे महत्त्व का, हे एका साध्या हिशेबातून दिसते. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे बहुतांशी क्लबच्या तोंडावर ठरते. रडारच्या मोजमापांनुसार आयर्नमध्ये हा वाटा सुमारे ७५ टक्के आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सर्वांत लांब दांड्याच्या क्लबमध्ये, ८५ टक्के आहे. चेंडू एका अंशाने चुकीच्या दिशेने निघाला, तर २०० मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला पोहोचतो. हवेतला वळसा त्याहून वेगळा. चेंडूला भिडण्याच्या क्षणी अग्रबाहू वेगाने फिरत असतो, म्हणून पाच-सहा अंशांची चूक होणे अगदी सोपे.

क्रिकेटमधून काय आणावे, काय सोडावे

उजव्या हाताच्या फलंदाजाचा आणि उजव्या हाताच्या गोल्फपटूचा डावा हात वरच असतो आणि दोघेही चेंडूला बाजू देऊन उभे राहतात. एवढे साम्य असल्यामुळेच क्रिकेटच्या सवयी गोल्फमध्ये न विचारता शिरतात.

पहिली सवय सरळ फटक्याची. त्यात बॅटचे तोंड चेंडू गेल्यावरही समोर धरून ठेवायचे असते. तेथे ते योग्यच आहे, कारण चेंडू हलता असतो आणि तोंड जितका वेळ समोर राहील तितकी चूक झाकली जाते. गोल्फमध्ये क्लब शरीराभोवती तिरप्या वर्तुळात फिरतो. त्या वर्तुळात तोंड समोर धरून ठेवायचे तर अग्रबाहू अडवावा लागतो, आणि अडवलेला अग्रबाहू म्हणजे उघडे तोंड. क्रिकेटपटूच्या स्लाइसचे हे एक मोठे कारण आहे. दुसरी सवय पुलच्या फटक्याची. त्यात उजवा हात डाव्यावरून झटकन फिरवून चेंडू खाली दाबतात. गोल्फमध्ये हीच झटकन होणारी हालचाल कमर थांबवून झाली, की चेंडू खाली आणि डावीकडे जातो.

क्रिकेटमधून घेण्यासारखी गोष्ट मात्र हुबळी-धारवाडाच्या याच परिसरात सापडते, आणि ती फिरकी गोलंदाजीतली. गदगचे सुनील जोशी शाळकरी वयात पहाटे गदगहून हुबळीला सरावाला येत आणि शाळेच्या वेळेपर्यंत परत जात. पुढे भारताकडून १५ कसोटी आणि ६९ एकदिवसीय सामने खेळलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९९९ साली नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकांत ६ धावा देऊन ५ बळी घेतले. त्यांतली ६ षटके निर्धाव होती. बोटांनी फिरकी टाकणाऱ्या डाव्या हाताच्या गोलंदाजाचा अग्रबाहू चेंडू सोडताना तळवा वर येईल अशा दिशेने फिरतो. उजव्या हाताच्या गोल्फपटूचा डावा अग्रबाहू चेंडूला भिडताना त्याच दिशेने फिरतो. फिरकी गोलंदाज हे फिरणे मनगट झटकून करत नाही. पुढच्या पायावर शरीर वळते, खांदा येतो आणि हात त्यांच्यामागून फिरतो. ज्यांनी लहानपणी डाव्या हाताने फिरकी टाकली असेल त्यांना ही जाणीव आयतीच मिळालेली असते. इतरांनी एक टेनिसचा चेंडू डाव्या हातात घेऊन खालून हळू टाकत तो फिरवून पाहावा. डावा अग्रबाहू सैल सोडला म्हणजे काय, हे दहा मिनिटांत समजते.

दिग्गजांचे वेगवेगळे मार्ग

सगळ्यांनी एकसारखाच हात फिरवावा असे मात्र नाही. बेन होगन यांना तरुणपणी डावीकडे वळणाऱ्या हुकने हैराण केले होते. त्यांनी पकड बदलली, माथ्यावर डावे मनगट किंचित मागे वाकवले आणि त्यामुळे क्लबचे तोंड उघडे राहू लागले. मग खाली येताना डावा अग्रबाहू कितीही जोरात फिरवला तरी हुकची भीती उरली नाही. १९५५ साली लाइफ मासिकात त्यांनी हे गुपित सांगितले आणि १९५७ च्या आपल्या पुस्तकात चेंडूला भिडताना डाव्या अग्रबाहूच्या फिरण्यावर भर दिला. नऊ मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूचा हा सल्ला वाचून हजारो हौशी खेळाडूंनी पकड बदलली. त्यांतल्या अनेकांना मुळात हुक नव्हता, स्लाइस होता. औषध दुसऱ्याच आजाराचे होते.

डस्टिन जॉन्सन आणि जॉन राम यांचा मार्ग याच्या अगदी उलट. माथ्यावर त्यांचे डावे मनगट तळव्याकडे वाकलेले असते, क्लबचे तोंड आधीच बंद असते. त्यामुळे खाली येताना त्यांना अग्रबाहू फारसा फिरवावा लागत नाही. कमर आणि छाती मात्र फार वेगाने वळवावी लागते. जॉन्सन यांनी २०२० ची मास्टर्स स्पर्धा २६८ इतक्या विक्रमी कमी फटक्यांत जिंकली. उजव्या पायात जन्मजात व्यंग असलेल्या राम यांनी आपल्या घोट्याची मर्यादा ओळखून आखूड स्विंग घडवला आणि २०२१ ची यू.एस. ओपन व २०२३ ची मास्टर्स जिंकली.

कर्नाटकातल्या वाचकांना जवळचे उदाहरण बंगळुरूच्या अदिती अशोक हिचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती १५ अंडर पारने चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. सर्वांत लांब चेंडू मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. चेंडू ठरवलेल्या ठिकाणी ठेवण्याचे आणि पटिंगचे कौशल्य तिला तेथपर्यंत घेऊन गेले.

या उदाहरणांतून शिकाऊ खेळाडूने एवढेच घ्यावे: पकड, माथ्यावरचे मनगट आणि शरीराचे वळणे ही तिन्ही एकमेकांशी जुळलेली असतात. एकाची पकड, दुसऱ्याचे मनगट आणि तिसऱ्याचे वळणे अशी उसनवारी केली तर काहीच जुळत नाही.

आधी पकड, मग फिरणे

हात किती फिरावा लागेल हे पकड आधीच ठरवते. डावा हात क्लबवर ठेवून वरून पाहिले तर पहिल्या दोन बोटांची पेरे, फार तर तिसऱ्याचे थोडे, दिसावे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे जावी. क्लब तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरावा, कारण तळव्यात धरलेल्या क्लबने मनगटाची घडीच पडत नाही. एकच पेर दिसत असेल तर पकड कमकुवत, अशा वेळी हात जास्त फिरावा लागतो आणि बहुतेकांना ते जमत नाही. तीन-चार दिसत असतील तर पकड भक्कम, हात फार फिरला की चेंडू डावीकडे. पकडीचा जोर इतकाच असावा की क्लब हातातून सुटणार नाही, पण दुसऱ्याने क्लबचे डोके धरून हलवले तर मनगटे हलतील.

फटका बिघडतो तेव्हा दोष अग्रबाहूचाच असतो असे नाही, हेही चेंडूच्या मार्गावरून ओळखावे. चेंडू उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळत असेल तर तोंड उघडे आहे. हात अडवला जात आहे, हे त्याचे पहिले संभाव्य कारण. पण चेंडू डावीकडे निघून मग उजवीकडे वळत असेल, तर क्लब बाहेरून आत कापत येतो आहे. हौशी खेळाडूंत हा प्रकार फार आढळतो. अशा खेळाडूने अग्रबाहू जास्त फिरवला तर चेंडू सरळ डावीकडे जाईल. त्याने आधी खाली येण्याची सुरुवात खांद्याऐवजी कमरेने करायला शिकावे.

सराव कसा करावा

हुबळी-धारवाडातल्या खेळाडूला रोज गोल्फचे मैदान मिळणार नाही. बेळगावच्या छावणी भागातले मैदान धारवाडहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तेथे प्रवेशाची चौकशी आधी करूनच जावे. बंगळुरूचा १८७६ साली स्थापन झालेला बँगलोर गोल्फ क्लब किंवा पुण्याचे येरवड्याचे मैदान सुट्टीसाठी ठीक. हात फिरण्याचा सराव मात्र घराच्या अंगणात, गच्चीवर चेंडूशिवाय किंवा छिद्रांच्या पोकळ प्लास्टिक चेंडूने उत्तम होतो. खरा चेंडू ४६ ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि कडक असतो. मुले खेळत असलेल्या सार्वजनिक मैदानावर तो कधीही मारू नये.

पहिला सराव फुटपट्टीचा. १५ सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी डाव्या हाताच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली, तळहाताच्या पाठीवरून सरकवावी. अर्धा स्विंग हळू करावा. चेंडूच्या जागी येताना पट्टी हाताला टोचली तर डावे मनगट मागे मोडते आहे. पट्टी सपाट टेकलेली राहिली तर ठीक.

दुसरा सराव वेगळ्या हातांचा. क्लब धरताना दोन्ही हातांत चार बोटांचे अंतर ठेवावे आणि कमरेपासून कमरेपर्यंत हळू झुलवावे. अंतर असल्यामुळे उजवा हात डाव्यावरून कधी येतो ते स्पष्ट जाणवते. हात अडवण्याची सवय लागलेल्या क्रिकेटपटूंसाठी याहून चांगला सराव नाही. ज्यांचा चेंडू आधीच डावीकडे वळतो त्यांनी हा करू नये.

तिसरा सराव टॉवेलचा. छातीवरून आडवा टॉवेल दोन्ही काखांत दाबून धरावा आणि अर्धे स्विंग करावे. टॉवेल पडला तर हात शरीराला सोडून पळत आहेत. हुक मारणाऱ्यांना याचा विशेष फायदा होतो, कारण कमर थांबली की टॉवेल लगेच सुटतो.

चौथा सराव ८ नंबरच्या आयर्नचा. दांडा मागे जमिनीला समांतर होईपर्यंत न्यावा आणि पुढे समांतर झाला की थांबावे. दोन्ही टोकांना क्लबचे टोक आकाशाकडे आहे का पाहावे. पुढच्या बाजूला पोट लक्ष्याकडे वळलेले असावे आणि दोन्ही हात सरळ असावेत. मोबाइल कमरेच्या उंचीवर, हातांच्या रेषेत मागे ठेवून चित्रण करावे. कोन चुकला तर सरळ क्लबही वाकडा दिसतो.

पाचवा सराव एका हाताचा, फक्त डाव्या हाताने, लहान आणि हळू. क्लबचे वजन हाताला आपोआप कसे फिरवते ते यात कळते. थकवा येताच थांबावे.

पहिले दोन आठवडे चेंडूशिवाय, दिवसाआड पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. पुढचा महिना प्लास्टिकच्या चेंडूने अर्धे स्विंग. त्यानंतरच मैदानावर जाऊन पूर्ण स्विंग करावा. तेथेही पहिले वीस चेंडू अर्ध्या स्विंगने मारावेत. ड्रायव्हर सर्वांत शेवटी घ्यावा, कारण लांब दांड्यामुळे तोंड वळण्यातली चूक त्यातच जास्त दिसते.

दुखापत आणि जमीन

हात फिरवण्याच्या अतिरेकाची किंमत मनगट आणि कोपर मोजतात. कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायुबंधांचा दाह ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणून ओळखला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूत डावे मनगट अधिक धोक्यात असते. क्लबच्या मुठीचे टोक डाव्या तळव्यातल्या हॅमेट नावाच्या लहान हाडाच्या आकड्यावर टेकते आणि क्लब जमिनीत जोरात आदळला तर तो मोडू शकतो. साध्या एक्स-रेत हे मोडणे अनेकदा दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना आपण गोल्फ खेळतो हे आवर्जून सांगावे.

या भागात जमिनीचीही काळजी घ्यावी लागते. हुबळीपासून नवलगुंदकडे पसरलेली काळी माती उन्हाळ्यात तापून कडक होते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर आयर्न मारणे म्हणजे प्रत्येक चुकीच्या फटक्याचा हादरा थेट मनगटाला. एप्रिल-मे महिन्यांत जाड गवतावर किंवा काथ्याच्या जाड चटईवरच मारावे. वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की क्लब खाली ठेवून पक्क्या इमारतीत जावे. उघड्यावर धातूचा दांडा हातात घेऊन थांबणे जीवघेणे ठरू शकते.

सरावाआधी पाच मिनिटे मनगटे दोन्ही दिशांना वाकवून आणि अग्रबाहू तळवा वर-खाली फिरवून गरम करावेत. फटक्यानंतर दुखणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, मुठीत जोर राहिला नाही किंवा करंगळीच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या, तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. दुखणे सहन करत खेळणाऱ्याचा हात ते टाळण्यासाठी नकळत वेगळ्याच मार्गाने फिरू लागतो आणि ती सवय दुखणे गेल्यावरही राहते.

स्लाइस जात नाही म्हणून महागडा नवा ड्रायव्हर घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी एक काम करावे. ८ नंबरच्या आयर्नने मारलेल्या दहा अर्ध्या स्विंगचे मागून आणि समोरून मोबाइलवर चित्रण करावे, क्लबचे टोक मागे आणि पुढे कुठे आहे ते स्वतः पाहावे आणि बेळगाव, पुणे किंवा बंगळुरूला जाल तेव्हा तेच चित्रण प्रशिक्षकाला दाखवावे. एका तासाच्या शिकवणीत त्याला तुमच्या हाताचा दोष नेमका सांगता येईल. नव्या क्लबचा निर्णय त्यानंतर घ्यावा.